पुतळ्याला उलट बोला

(युवकांच्या अभ्यास शिबिरातील भाषण)

शिल्पकला म्हटली की आपली पोरं जांभया देतात. त्यांचं काही चुकत नाही. शिल्पकला म्हणजे गॅलरी, गॅलरी म्हणजे एअरकंडिशन, एअरकंडिशन म्हणजे दारावर वॉचमन, आणि वॉचमन आपल्याच वस्तीतला असला तरी आपल्याला आत सोडताना दोनदा खालून वर बघतो. त्या गॅलरीतल्या कलेवर मी बोलणार नाही. तिची काळजी वाहायला पगारी माणसं पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे ते रस्त्यावरच्या शिल्पाबद्दल. नाक्यावरचं, चौकातलं, फुटपाथवरचं. त्याला तिकीट नाही, दार नाही. कुणीही जवळ जावं, हात लावावा, हार घालावा, थुंकावं, शिवी द्यावी, नाहीतर त्याच्या सावलीत अंग टाकावं.

रस्ता हा आपला विषय आहे. ज्यांना दिवाणखाने आहेत त्यांच्यासाठी रस्ता म्हणजे एका दिवाणखान्यातून दुसऱ्या दिवाणखान्यात जायची वाट. आपल्या लोकांचं निम्मं आयुष्य रस्त्यावर जातं. धंदा रस्त्यावर, आंघोळ रस्त्यावर, लग्नाचा मांडव रस्त्यावर, मोर्चा रस्त्यावर आणि लाठीही रस्त्यावरच. तेव्हा या रस्त्यावर कोण कुणाचं काय उभं करतो, हे विचारायचा पहिला हक्क आपला.

शहरात दोन तऱ्हेची शरीरं असतात. एक चौथऱ्यावर, ब्राँझचं. दुसरं खाली, हाडामांसाचं. वरच्याला नाव असतं, जन्म-मृत्यूची साल असते, भोवती साखळी असते, महापालिकेचा माळी असतो. खालच्याला यातलं काही नसतं. चौथरा ही नुसती दगडाची पेटी नव्हे. कुणाकडे मान वर करून बघायचं आणि कुणाला ओलांडून पुढं जायचं, हे शिकवणारी ती शाळा आहे. गावात पाटलाच्या ओट्यानं जे केलं तेच शहरात चौथऱ्यानं केलं.

माझं म्हणणं एकच आहे, ते आधीच सांगून टाकतो. रस्त्यावरचं शिल्प चांगलं की वाईट हे त्याच्या नाकीडोळ्यांवरून ठरत नाही. लोकांना त्याला उलट बोलता येतं का, यावरून ठरतं. आणि लोक जेव्हा उलट बोलतात तेव्हा परीक्षा शिल्पाची होत नाही. शहराची होते.

बाकड्यापासून सुरुवात करू.

टिमोथी श्माल्झ नावाचा एक कॅनेडियन शिल्पकार आहे. त्यानं ब्राँझचं एक बाकडं केलं. बाकड्यावर एक माणूस अंगावर घोंगडी ओढून मुटकुळं करून झोपलाय. तोंड दिसत नाही. फक्त पाय घोंगडीबाहेर आलेत आणि पायांवर खिळ्यांच्या जखमा आहेत. म्हणजे हा येशू. बेघर येशू. पायाशी एक माणूस बसेल एवढी जागा मुद्दाम रिकामी ठेवलीय. २०१३ साली टोरांटोच्या रेजिस कॉलेजपाशी ते पहिल्यांदा बसलं. त्याआधी टोरांटो आणि न्यूयॉर्कच्या दोन मोठ्या कॅथेड्रलनी ते नको म्हटलं होतं. ज्याच्या नावानं देऊळ बांधलं तोच दारात झोपायला आला तर पंचाईत!

पुढे त्याच्या प्रती गावोगाव बसल्या. २०१४ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या डेव्हिडसन या खात्यापित्या गावात एका चर्चच्या अंगणात ते बाकडं आलं. एका बाईनं गाडीतून जाताना ते बघितलं आणि सरळ पोलिसांना फोन केला. का? बाकड्यावर कुणीतरी झोपलंय. २०२० साली ओहायोतल्या बे व्हिलेजमध्ये तर बाकडं बसवून वीस-एक मिनिटं झाली नाहीत तोच पोलिसांना फोन गेला.

आता यात मेख कुठं आहे ते नीट बघा. त्या बाईनं धातूच्या गोळ्याविरुद्ध तक्रार केली, म्हणून आपण हसतो. हसू नका. ती धातूला फसली नाही. जिवंत माणूस झोपला आहे असं समजून तिनं जे केलं ते ती रोजच करत असणार. शिल्पानं एवढंच केलं की रोजची गोष्ट पकडून दाखवली. गारठलेला माणूस दिसला तर घोंगडी आणायची की पोलीस आणायचा? शिल्पानं तोंड उघडलं नाही, तरी गावानं उत्तर देऊन टाकलं.

वॉशिंग्टनचा मार्क जेनकिन्स नावाचा शिल्पकार तर ब्राँझच्या भानगडीतही पडत नाही. २००३ साली रिओत असताना त्यानं चिकटपट्टीनं वस्तू गुंडाळून त्यांचे साचे काढायला सुरुवात केली. पुढे तशीच माणसं केली. त्यांना कपडे चढवले, डोक्यावर टोपी ओढली आणि परवानगी-बिरवानगी न मागता फुटपाथवर, भिंतीपाशी, कचऱ्याच्या ढिगात ठेवून दिली. लोक थांबायचे. वाकून बघायचे. काठीनं ढोसायचे. पोलीस यायचे. जे खऱ्या माणसाच्या वाट्याला येत नाही ते चिकटपट्टीच्या माणसाला मिळालं. कुणीतरी थांबलं!

आणि आपल्याकडे? २०१८ साली मुंबईत फोर्ट भागातल्या एका बँकेनं आपल्या शाखेसमोर लोखंडी खिळ्यांच्या रांगा ठोकल्या. कुणी बसू नये, आडवं होऊ नये म्हणून. बोंबाबोंब झाल्यावर काढल्या. मी म्हणतो तेही शिल्पच होतं. रस्त्यावरचं आणि अतिशय बोलकं. येशूच्या पायात खिळे मारून तो झोपलेला दाखवणारं एक शिल्प, आणि झोपूच नये म्हणून जमिनीत खिळे मारणारं दुसरं. पहिल्याला कलाकाराचं नाव आहे. दुसऱ्याला नाव नाही, पण करणारे हात कुठल्या वर्गाचे, हे सांगायला कलेचा समीक्षक लागत नाही.

म्हणजे पुतळ्यापुढं माणूस स्वतःला उघडा पाडतो, हे आपण बघितलं. पण उघडं पडणं वेगळं आणि ठरवून उलट बोलणं वेगळं. उलट बोलण्याची सगळ्यात जुनी शाळा रोमला आहे.

रोममध्ये नाव्होना चौकाशेजारी एका कोपऱ्यावर एक मोडका दगड उभा आहे. नाकाचा पत्ता नाही, हात नाहीत, पाय नाहीत. जुन्या ग्रीक धाटणीच्या शिल्पाचा तुकडा. १५०१ साली काराफा नावाच्या कार्डिनलनं तो तिथं उभा केला. लोकांनी त्याचं नाव ठेवलं पास्क्विनो. आणि मग रात्री-बेरात्री कुणीकुणी येऊन त्याच्या अंगावर चिठ्ठ्या चिकटवू लागले. पोपवर, कार्डिनलांवर, कर वसूल करणाऱ्यांवर, त्यांच्या भाच्या-पुतण्यांवर. लिहिणाऱ्याचं नाव नाही. बोलला कोण? पास्क्विनो बोलला! धरा त्याला. घाला बेड्या दगडाला.

शहरात असे आणखी काही पुतळे होते. मार्फोरिओ नावाचा एक होता. एकावर प्रश्न चिकटायचा आणि दुसऱ्यावर उत्तर. दोन दगडांची जुगलबंदी, आणि मधल्यामध्ये पोपची हजामत. एका पोपनं चिडून पास्क्विनोला टायबर नदीत फेकायचं मनात आणलं होतं असं सांगतात. कुणीतरी त्याला शहाणपण शिकवलं, की फेकू नका, नदीत पडला तर बेडकांसारखा आणखी मोठ्यानं ओरडेल. त्या पुतळ्यावरून युरोपातल्या भाषांत अशा निनावी टवाळीला शब्दच पडला. पाचशे वर्षं झाली. आजही तिथं चिठ्ठ्या लागतात. आता दगड खराब होऊ नये म्हणून शेजारी फळा ठेवलाय, चिठ्ठ्या त्यावर लागतात.

यातून घ्यायचं काय? कार्डिनलनं दगड उभा केला तो आपल्या वाड्याच्या शोभेसाठी. त्याला वाचा दिली ती लोकांनी. पुतळा उभा करणाऱ्याचा हेतू हा पुतळ्याचा शेवटचा अर्थ नसतो. तो हिसकावून घेता येतो. शिंप्याला, न्हाव्याला, शाळेतल्या कारकुनाला पोपपुढं तोंड उघडायची सोय नव्हती. त्यांनी दगडाचं तोंड उधार घेतलं.

पण सगळी प्रकरणं इतकी सरळ नसतात. आता ज्या प्रकरणाकडे येतोय ते आपल्याला जास्त जवळचं आहे, आणि जास्त टोचणारं. न्यूयॉर्कचा साउथ ब्राँक्स. काळ्यांची आणि पोर्तोरिकोच्या लोकांची वस्ती. जळक्या इमारती, बेकारी, पोलीस. तिथं जॉन अहर्न नावाचा गोरा शिल्पकार राहायला आला. पर्यटक म्हणून नाही, खरोखर राहायला. त्याचा जोडीदार रिगोबेर्तो तोरेस. दोघं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अंगावर प्लास्टर चढवून साचे काढायचे, फुटपाथवर, सगळ्यांसमोर. एक प्रत ज्याची त्याला घरी द्यायचे. इमारतींच्या भिंतींवर वस्तीतल्या पोरापोरींची शिल्पं लावायचे. लोकांना ते आवडायचं. आपलं तोंड आपल्याच भिंतीवर!

मग शहरानं त्याला काम दिलं. ४४ नंबरच्या पोलीस ठाण्यासमोरच्या चौकात पुतळे हवेत. अहर्ननं ठरवलं, इथं सेनापती नको, महापौर नको. वस्तीतली खरी माणसं ठेवायची. तीन ब्राँझचे पुतळे केले. डोक्यावर टोपडं ओढलेला, शिकारी कुत्र्याशेजारी गुडघे टेकून बसलेला एक माणूस. मोठा टेपरेकॉर्डर आणि बास्केटबॉल घेतलेला एक तरुण. चाकांचे बूट घातलेली एक पोरगी. २५ सप्टेंबर १९९१ ला ते चौथऱ्यांवर चढले.

पाच दिवस टिकले.

वस्तीतल्या काही लोकांनी आवाज उठवला. महापालिकेतल्या काळ्या अधिकाऱ्यांनी उठवला. म्हणाले, आमच्यात आई नाही? शाळामास्तर नाही? कामावर जाणारा माणूस नाही? पोलीस ठाण्यासमोर आमच्या पोराला कुत्र्यासकट उभं करता, म्हणजे पोलिसाला रोज सकाळी दाखवता का, की हा बघ, असा दिसतो गुन्हेगार? शिल्पकाराची बाजू घेणारेही होते. ते म्हणाले, ही माणसं खरी आहेत, याच रस्त्यावरची आहेत, त्यांची तुम्हाला लाज वाटते काय? अहर्ननं वाद घातला नाही. स्वतःहून पुतळे खाली उतरवले. पुढे ते क्वीन्समधल्या सॉक्रेटिस शिल्प उद्यानात गेले.

मित्रांनो, हा वाद तुम्हाला ओळखीचा वाटत नाही? आपल्या साहित्यात हाच वाद झाला. आपली शिवी, आपली हातभट्टी, आपला उकिरडा कागदावर आला तेव्हा पांढरपेशे म्हणाले, शी. ते सोडून द्या. पण आपल्यातलेच काही म्हातारे म्हणाले, अरे पोरांनो, आम्ही कोट शिवला, पोरांना शिकवलं, ते का नाही लिहीत? त्यांचं सगळंच खोटं होतं का? ज्या माणसाला जन्मभर घाणीत बघितलं गेलं, त्याला एकदा स्वच्छ कपड्यांत दिसायची भूक असते. ती भूक म्हणजे ब्राह्मण्याची नक्कल नव्हे.

अहर्नचा माणूस खोटा नव्हता. जागा खोटी होती. त्याच्या गल्लीतल्या भिंतीवर तो माणूस शेजारी होता. पोलीस ठाण्यासमोर तोच माणूस संशयित झाला. शरीर तेच, पण समोर कोण उभं आहे यावरून अर्थ बदलला. आणि दुसरी गोष्ट: साचा देणाऱ्यांना विचारलं होतं. पण ज्यांनी त्या चौकातून रोज ये-जा करायची त्यांना पुरतं विचारलं नव्हतं. आपलेपणा असणं वेगळं आणि विचारणं वेगळं. आपल्याबद्दल कळवळा असलेल्या पुष्कळ सज्जनांना हा फरक अजून कळलेला नाही.

तीस-एक वर्षांनी त्याच शहरात दुसरं शिल्प आलं. २०२५ च्या एप्रिलपासून जूनपर्यंत टाइम्स स्क्वेअरमध्ये थॉमस प्राइस या काळ्या ब्रिटिश शिल्पकाराची बारा फुटी ब्राँझची बाई उभी होती. काळी बाई. साधे कपडे, कमरेवर हात, जाडजूड देह. ना राणी, ना पुढारी, ना शहीद. कुणा एकीचा चेहरा नाही, अनेकींमधून घडवलेला. त्या चौकात कायमचे पुतळे दोन, दोन्ही गोऱ्या पुरुषांचे. भडका उडाला. एक म्हणाले, हिनं केलंय काय, म्हणून हिचा पुतळा? दुसरे म्हणाले, जाड दाखवून आमची टिंगल केली. आणि तिसऱ्या, त्या काळ्या बायका, तिच्यासमोर गेल्या आणि तिच्यासारखे कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. फोटो काढले. माझ्या मते कुणा समीक्षकाला जमलं नसतं असं उत्तर त्यांनी दिलं. काही न करता नुसतं चौकात उभं राहण्याचा हक्क! "हिनं केलंय काय" हा प्रश्न आपल्या आयांना रोज विचारला जातो.

इथपर्यंत लोक पुतळ्याशी बोलत होते. पण पुतळाच ऐकत नसेल तर? आता ब्रिस्टलला चला.

इंग्लंडमधलं बंदराचं शहर. तिथं एडवर्ड कोल्स्टन नावाच्या व्यापाऱ्याचा ब्राँझचा पुतळा होता. हा माणूस १६३६ ला जन्मला, १७२१ ला मेला. रॉयल आफ्रिकन कंपनीत तो १६८० साली शिरला आणि पुढे तिचा उपप्रमुख झाला. तो कंपनीत होता त्या बारा वर्षांत कंपनीनं अंदाजे ८४,००० आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून जहाजांत कोंबून नेली. त्यातली अंदाजे १९,००० वाटेतच मेली. त्या पैशातून त्यानं शाळा काढल्या, दवाखान्यांना, धर्मशाळांना देणग्या दिल्या. दानशूर! आपल्याकडचे दानशूर आठवा.

पुतळा उभा राहिला १८९५ साली, म्हणजे माणूस मरून पावणेदोनशे वर्षं होत आल्यावर. पाटीवर लिहिलं, की शहराच्या सद्गुणी आणि शहाण्या सुपुत्राचं हे स्मारक नागरिकांनी उभारलं. वस्तुस्थिती अशी की नागरिकांनी पुरते पैसेच दिले नाहीत. पुतळा उभा राहिल्यावरसुद्धा वर्गणीची भीक मागावी लागली. पण पाटीवर "नागरिक" हा शब्द बसला तो बसलाच.

आता बघा, ब्रिस्टलच्या लोकांनी एकदम दोर घेतला नाही. आधी ते बोलले. वर्षानुवर्षं अर्ज, सभा, पत्रकं. पाटी बदला, निदान खरं काय ते लिहा. शब्दांवरून घोळ घातला गेला. २०१९ साली नवी पाटी अडली. त्याआधी २०१८ साली कुणीतरी त्याच्या पायात लाल लोकरीची विणलेली बेडी अडकवली. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला, गुलामगिरीविरोधी दिवशी, पुतळ्याच्या पायाशी रातोरात शंभर माणसं आडवी झाली. सिमेंटच्या बाहुल्यांएवढी. दाटीवाटीनं, जहाजाच्या आकारात. भोवतीच्या ठोकळ्यांवर आजच्या कामांची नावं होती: घरकाम करणाऱ्या, फळं तोडणारे, गाड्या धुणारे. वर एक दानशूर उभा, खाली शंभर आडवे. एका रात्रीत पुतळ्याचा अर्थ उलटा झाला. हातोडा न लावता. रस्त्यावरच्या शिल्पानं काय करावं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पण कचेरीतल्या लोकांनी ऐकलं नाही. मग अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला आणि ७ जून २०२० ला ब्रिस्टलचा मोर्चा निघाला. लोकांनी दोर बांधला, ओढला, पाडला, त्याच्या मानेवर गुडघा ठेवला, बंदरापर्यंत गडगडत नेला आणि पाण्यात ढकलला. जिथं पडला तिथून जवळच पेरो नावाच्या एका गुलाम माणसाच्या नावाचा पूल आहे.

चौथरा रिकामा राहिला. १५ जुलैच्या पहाटे मार्क क्विन नावाच्या प्रसिद्ध गोऱ्या शिल्पकारानं न विचारता त्यावर काळ्या आंदोलक बाईचा मूठ उगारलेला पुतळा नेऊन ठेवला. हेतू चांगला. तरी महापालिकेनं दुसऱ्या दिवशी सकाळी उतरवला. काळा महापौर म्हणाला, इथं काय उभं राहील ते ब्रिस्टलचे लोक ठरवतील. प्राइसनंही, त्या बाईच्या शिल्पकारानंच, क्विनवर सडकून टीका केली. कारण लोकांनी जिवाची जोखीम घेऊन रिकामी केलेली जागा एका नामवंतानं एका पहाटेत भरून टाकली. रिकाम्या चौथऱ्यावर आधी कोण चढतो, तिकडे लक्ष ठेवा. चळवळीत हे आपण पुष्कळदा बघितलं आहे.

कोल्स्टनला महापालिकेनं पाण्यातून काढला. धुतला, पण अंगावरचा रंग ठेवला. शहराच्या एम शेड संग्रहालयात त्याला आडवा ठेवला, मोर्चातल्या फलकांबरोबर. त्याचं पुढं काय करायचं हे लोकांना विचारलं, तेव्हा जवळजवळ १४,००० जणांनी उत्तर दिलं. १८९५ च्या पाटीवरचे "नागरिक" १२५ वर्षांनी पहिल्यांदा खरे झाले. पाडणाऱ्यांपैकी चौघांवर खटला झाला. ५ जानेवारी २०२२ ला ज्युरीनं त्यांना निर्दोष सोडलं.

आता घरी येऊ. कारण दुसऱ्याच्या गावच्या पुतळ्यावर बोलणं सोपं असतं.

मुंबईत काळा घोडा आहे. १८७९ साली इंग्लंडच्या युवराजाचा, पुढच्या सातव्या एडवर्डचा, घोड्यावर बसलेला पुतळा तिथं उभा केला. पैसे सर अल्बर्ट ससून यांचे, शिल्पकार बोएम. आणि लोकांनी काय केलं? राजाचं नावच घेतलं नाही. घोड्याचं घेतलं. काळा घोडा! साम्राज्याचा मालक वर ऐटीत बसलेला आणि हमाल, टांगेवाले, कारकून म्हणतायत घोडा. १९६५ साली पुतळा हलवला, तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. नाव मात्र राहिलं. २०१७ साली त्या जागी नवा घोडा बसवला, त्याच्या पाठीवर स्वार नाही. लोकांनी सव्वाशे वर्षांपूर्वी तोंडानं जे केलं होतं ते शिल्पकारानं मग हातानं केलं.

आणि दुसरा पुतळा तुम्हाला माहीतच आहे. कोल्हापूरच्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० ला जोतीराव फुल्यांचा आणि बाबासाहेबांचा पुतळा बसला, बाबासाहेब हयात असताना. त्यानंतर गावोगाव, वस्तीवस्तीत बसले. सिमेंटचे, प्लास्टरचे, निळ्या कोटाचे. कुणाचं नाक वाकडं, कुणाचा चष्मा मोठा. कलेची पदवी घेतलेले हसतात. हसू देत. या देशात कुठल्या पुतळ्याशी लोक इतकं बोलतात? तिथं पोराचं नाव ठेवतात, तिथं मोर्चा जमतो, तिथं रात्री दहावीचा अभ्यास होतो. हातात पुस्तक आणि वर केलेलं बोट. तो पुतळा वस्तीला बोलतो आणि वस्ती त्याला.

म्हणून तर त्याच्यावर हल्ला होतो. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी पुतळ्याला चपलांचा हार दिसला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा माणसं गेली. ब्रिस्टलचा पुतळा पाडला तेव्हा एक गोळी सुटली नाही. आपल्याकडे पुतळ्याचा अपमान झाला म्हणून रडणाऱ्यांवर सुटली. आणि तमिळनाडूत पुष्कळ गावांत बाबासाहेबांच्या पुतळ्याभोवती लोखंडी पिंजरा आहे. विटंबना होऊ नये म्हणून. संविधान लिहिणारा गजांआड, आणि विटंबना करणारे मोकळे. पिंजऱ्यासकट ते शिल्प बघा. भारताचं इतकं खरं शिल्प दुसरं कुणी केलेलं नाही.

आपल्यालाही प्रश्न विचारायला हवेत. हैदराबादला १४ एप्रिल २०२३ ला १२५ फुटी पुतळा उभा राहिला, विजयवाड्याला १९ जानेवारी २०२४ ला तेवढाच. ज्यांना पिढ्यान् पिढ्या मान वर करू दिली नाही त्यांनी आकाशाएवढा पुतळा बघून छाती फुगवली तर त्यात वावगं काही नाही. पण १२५ फुटांवरच्या कानाला गल्लीतली म्हातारी काय सांगणार? उंची दिली की जवळीक काढून घेता येते, हे सत्ताधाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. घरकुल मागा, शिष्यवृत्ती मागा, तो बोट दाखवतो, बघा केवढा पुतळा दिला! हाताला लागणारा वाकड्या नाकाचा पुतळा मला जास्त मोलाचा वाटतो.

तेव्हा कुठल्याही पुतळ्यासमोर उभं राहिलात की तीन प्रश्न विचारा. हा कुणी उभा केला? हे शरीर कुणाचं, आणि ते कुणाच्या नजरेसमोर उभं केलंय? आणि मला याला उलट बोलता येतं का?

शेवटी एक काम सुचवतो. स्लोव्हाकियात ब्रातिस्लावा या शहरात भर रस्त्यात गटाराचं झाकण उघडं आहे आणि त्यातून ब्राँझचा एक कामगार डोकं बाहेर काढून हनुवटी हातांवर टेकून मजेत बघतोय. १९९७ साली बसवलेला. पर्यटक त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात, शेजारी बसून फोटो काढतात. गाड्या आपटू नयेत म्हणून शेजारी पाटी लावलीय, माणूस कामावर आहे.

आपल्याकडे त्याच भोकातून आपली माणसं मेलेली बाहेर येतात. हातानं मैला काढायला लावणं १९९३ च्या कायद्यानं बंद केलं, २०१३ च्या कायद्यानं पुन्हा बंद केलं. सुप्रीम कोर्टानं २०१४ साली गटारात मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख द्या म्हटलं, २०२३ साली ३० लाख म्हटलं. माणसं उतरतातच. दुसऱ्या दिवशी झाकण लागतं आणि त्यावरून गाड्या जातात. तिथं काही झालं होतं याची खूण राहत नाही.

ती खूण आपण करू शकतो. ब्राँझ लागत नाही. पोती, चिंध्या, प्लास्टर, चिकटपट्टी पुरते. जिथं माणूस गेला त्या झाकणापाशी कमरेपर्यंत बाहेर आलेला एक देह. शेजारी एक फळा आणि खडू, पास्क्विनोसारखा. ये-जा करणाऱ्यानं उत्तर लिहावं. महापालिका दोन तासांत उचलेल. ती किती तत्परतेनं उचलते याची वेळ घड्याळ लावून टिपा. जिवंत माणसाला बाहेर काढायला किती वेळ लागला होता, ते शेजारी लिहा.

पण ब्राँक्स विसरू नका. प्लास्टरला हात घालण्याआधी गेलेल्याच्या बायकोकडे जा, आईकडे जा. त्यांना तो घाणीत दिसायला हवा आहे की लग्नातल्या कोटात, हे त्यांना विचारा. त्या नको म्हणाल्या तर निमूट परत या. कोट म्हणाल्या तर कोट. गटारातून कोट घालून बाहेर येणारा माणूस बघितल्यावर या शहराला काय उत्तर द्यावं सुचतं, ते आपण सगळे मिळून बघू.